व्याजदर वाढले, महागाई उतरली, मग बेरोजगारी का वाढली नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. व्याजदर वाढवले की महागाई कमी होते आणि बेरोजगारी वाढते, असं अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मग १९७० च्या दशकात महागाई आणि बेरोजगारी दोन्ही एकदम का वाढल्या? आणि २०२२-२३ मध्ये अमेरिकेत दर शून्याजवळून थेट सव्वापाच-साडेपाच टक्क्यांवर गेले, महागाई उतरलीही, तरी बेरोजगारी जागची का हलली नाही? आणि दर पुन्हा कमी केले की गेलेले रोजगार परत येतात का? पुस्तक चुकतंय की आकडे?

दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पुस्तकातल्या त्या वाक्याला ‘बाकी सगळं तसंच राहिलं तर’ अशी अट असते, आणि परीक्षा झाली की आपण ती विसरतो. मी पंचवीसएक वर्षं बँकेच्या ट्रेझरीत आणि नंतर संशोधन विभागात काढली. पतधोरण जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी अंदाज लिहून द्यायचा आणि नंतर तो चुकल्याचं स्पष्टीकरणही आपणच लिहायचं, असं ते काम. त्यातून एक गोष्ट मला पुरती पटली: हे तीन आकडे एकमेकांना कसे ओढतील हे दोन गोष्टींवर ठरतं. महागाई मुळात आली कुठून, आणि ती टिकणार असं लोकांनी कितपत धरून चाललंय.

आधी व्याजदर काम कसं करतो ते पाहू, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो.

मध्यवर्ती बँक जो दर ठरवते (धोरणदर) तो अगदी अल्प मुदतीच्या, बहुधा एका रात्रीपुरत्या पैशाचा भाव असतो. तुम्हाआम्हाला त्या दराने कधीच कर्ज मिळत नाही. पण बँकांना पैसा ज्या भावात पडतो तो बदलला की त्यावर रचलेले सगळे भाव हळूहळू सरकतात. रोखेबाजार काही सेकंदांत हलतो, बऱ्याचदा निर्णयाच्या आधीच हललेला असतो. चलनाचा विनिमय दर त्याच दिवशी. ठेवींचे आणि नव्या कर्जांचे दर काही आठवड्यांत. जुन्या घरकर्जांचं मात्र देशागणिक वेगळं. अमेरिकेत बहुतेक घरकर्जं तीस वर्षांच्या स्थिर दराची असतात. ज्याने २०२१ मध्ये तीन टक्क्यांच्या आसपास कर्ज घेतलं त्याच्या हप्त्याला पुढच्या दरवाढीची झळ लागलीच नाही. ब्रिटनमध्ये दर साधारण दोन किंवा पाच वर्षांसाठी बांधलेला असतो, त्यामुळे दरवर्षी काही लाख कुटुंबांना एकदम दणका बसतो. जिथे कर्जं तरत्या, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या दराची, तिथे परिणाम काही महिन्यांत, आणि तिथेही बँक हप्ता न वाढवता मुदत लांबवते तेव्हा तो बोथट होतो. म्हणजे तीच पाव टक्क्याची दरवाढ तीन देशांत तीन वेगळ्या वेगांनी पोचते.

पुढे काय होतं? घरं, गाड्या, यंत्रसामग्री अशा कर्जावर घ्यायच्या गोष्टींची मागणी आधी थंडावते. ऑर्डर कमी झाल्या म्हणून कोणी लगेच माणसं काढत नाही. आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग रिकामी पदं भरणं थांबतं, मग कंत्राटी कामगारांची मुदत वाढवली जात नाही, आणि कायम नोकरांची कपात सगळ्यात शेवटी. हा क्रम लक्षात ठेवा, २०२२ चं कोडं यातच सुटतं. महागाईवर पूर्ण परिणाम दिसायला साधारण एक ते दोन वर्षं जातात असं आम्ही धरून चालायचो, आणि त्यावर कोणी फार ताणलं तर ‘साधारण’ या शब्दावर बोट ठेवायचो.

आणखी एक. दर चढा आहे की उतरता, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. महागाई वजा करून उरतो तो खरा व्याजदर. १९७५ मध्ये अमेरिकेत धोरणदर सरासरी सहा टक्क्यांच्या जरा आत होता. आज ऐकायला तो कडक वाटेल. पण महागाई होती नऊ टक्के. कर्ज घेणाऱ्याला वर्षाला तीन टक्के बक्षीस दिल्यासारखंच ते झालं. महागाई जितकी वाढली त्याहून जास्त दर वाढवला नाही, तर प्रत्यक्षात तुम्ही पैसा स्वस्तच करत असता. ‘दर वाढवूनही महागाई कमी होत नाही’ ही तक्रार ऐकली की मी पहिल्यांदा ही वजाबाकी करून पाहतो. दहापैकी सहा-सात वेळा उत्तर तिथेच सापडतं.

आता बेरोजगारी आणि महागाईकडे. या जोडीचा आलेख ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते फिलिप्स मूळचे न्यूझीलंडचे, शिक्षणाने इंजिनिअर. १९४९ मध्ये लंडनमध्ये त्यांनी टाक्या, नळ्या आणि रंगीत पाणी वापरून अख्ख्या अर्थव्यवस्थेचं एक यंत्र बनवलं होतं: झडप फिरवली की पाण्याचा, म्हणजे उत्पन्नाचा, ओघ बदलायचा. १९५८ मध्ये त्यांनी ब्रिटनचे १८६१ ते १९५७ चे आकडे मांडून दाखवलं की बेरोजगारी कमी असते त्या वर्षांत मजुरी झपाट्याने वाढते. मजुरी, बरं का, वस्तूंच्या किमती नव्हेत. कामगार मिळेनासे झाले की मालक जास्त पगार देतो, यात नवल काही नाही. पण १९६० मध्ये अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ सॅम्युएलसन आणि सोलो यांनी ते अमेरिकेच्या महागाईला लावून पाहिलं, आणि बघता बघता त्याचं दरपत्रक झालं: इतकी महागाई सोसा, इतकी बेरोजगारी कमी घ्या.

हे दरपत्रक टिकणार नाही, असं अर्थशास्त्रज्ञ फ्रीडमन यांनी डिसेंबर १९६७ मध्येच सांगितलं होतं; फेल्प्सही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले होते. त्यांचा मुद्दा समजायला गणित लागत नाही. महागाई अचानक वाढली की मालकाला त्याच्या मालाचा भाव चढलेला दिसतो आणि तो जास्त माणसं घेतो. कामगाराला पगारवाढ मिळते, ती खरी आहे असं त्याला वाटतं. वर्षभरात त्याच्या लक्षात येतं की पगारापेक्षा भाव पुढे गेले. पुढच्या वाटाघाटीत तो ती वाढ आधीच धरून मागतो. मालकाचा फायदा संपतो, जादा भरती थांबते, बेरोजगारी पूर्वीच्या जागी येते; महागाई मात्र वरच्याच पायरीवर राहते. बेरोजगारी पुन्हा खाली ओढायची तर आणखी वरची पायरी चढावी लागते. माणसं एकदा फसतात, दरवर्षी नाही.

त्यात ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलाची कोंडी झाली आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. हा दुसऱ्या जातीचा धक्का. मागणी जास्त झाल्याने भाव वाढले तर रोजगारही वाढतो. पण पुरवठा आटल्याने भाव वाढले तर उत्पादन परवडत नाही म्हणून रोजगारही जातो. अमेरिकेत १९७४ च्या अखेरीस महागाई १२ टक्क्यांच्या वर होती आणि मे १९७५ मध्ये बेरोजगारी ९ टक्क्यांवर पोचली. प्रश्नातल्या पहिल्या भागाचं उत्तर हे: आलेख मोडला नव्हता, तो अख्खा वर सरकला होता. तेलाच्या धक्क्याने एक ढकल दिली, आणि त्याआधीच बिघडलेल्या अपेक्षांनी दुसरी.

अपेक्षा एकदा बिघडल्या की त्या जाग्यावर आणायला काय मोजावं लागतं, ते १९७९ नंतर दिसलं. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये वोल्कर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, फेडरल रिझर्व्हचे (‘फेड’), अध्यक्ष झाले. मार्च १९८० मध्ये महागाई १४.८ टक्के होती. दर १९-२० टक्क्यांपर्यंत गेले. बांधकाम व्यावसायिक निषेध म्हणून लाकडी फळ्या टपालाने पाठवू लागले, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन फेडच्या दारात आले. १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्के झाली. १९८३ मध्ये महागाई सरासरी ३.२ टक्क्यांवर आलेली होती, पण बेरोजगारी सहाच्या खाली यायला १९८७ उजाडलं.

ही कथा सहसा खंबीरपणाचं उदाहरण म्हणून सांगतात. तिच्यातला मधला एक तुकडा गाळला जातो, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. १९८० च्या वसंतात अर्थव्यवस्था गडगडली तसे दर काही महिन्यांत नऊ टक्क्यांपर्यंत खाली आले, आणि जानेवारी १९८१ पर्यंत पुन्हा १९ वर. बाजाराने त्यातून काय अर्थ काढला असेल? हे लोक दुखायला लागलं की मागे फिरतात. दहा वर्षं तेच पाहिलं होतं. त्यामुळे दुसऱ्या खेपेला दर वर गेले तरी कोणी मजुरीचे करार लगेच खाली आणले नाहीत. महागाई उतरणार यावर कोणाचा विश्वास बसायला आधी दहा टक्के लोक घरी बसावे लागले. त्या बेरोजगारीचा मोठा हिस्सा मी व्याजदराच्या नव्हे, गेलेल्या पतीच्या खात्यावर मांडतो. (पत म्हणजे विश्वास या अर्थाने, ‘पतधोरण’ या शब्दात हा अर्थ आपसूक आलाय.)

आता २०२२. इथे मी स्वतः चुकलो, त्यामुळे जरा सविस्तर.

जून २०२२ मध्ये अमेरिकेत महागाई ९.१ टक्के, बेरोजगारी ३.६ टक्के. अमेरिकेचे माजी अर्थमंत्री लॅरी समर्स यांनी त्या महिन्यात मांडलं की महागाई आटोक्यात आणायला पाच वर्षं सहा टक्के किंवा एक वर्ष दहा टक्के बेरोजगारी सोसावी लागेल. फेडच्या संचालक मंडळातले वॉलर उलट म्हणत होते: बाजारात रिकामी पदं इतकी आहेत की मागणी उतरली तर आधी ती पदं रद्द होतील, बसलेल्या माणसांना हात लागणार नाही. मला वॉलर यांचं म्हणणं जरा जास्तच सोयीस्कर वाटलं, म्हणून मी समर्स यांच्या बाजूने अंदाज लिहून दिला. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, असं वाक्यही मी त्या टिपणात टाकलं होतं. वर्षभराने, जून २०२३ मध्ये, महागाई ३ टक्के होती आणि बेरोजगारी पुन्हा ३.६ टक्केच.

झालं काय, तर वर सांगितलेला क्रम. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत जवळपास १ कोटी २० लाख पदं रिकामी होती आणि बेरोजगार होते साधारण ६० लाख. एका माणसामागे दोन जागा. अशा बाजारात मालक एकमेकांची माणसं जास्त पगार देऊन पळवतात आणि मजुरी त्यामुळे चढते. दर वाढल्यावर मालकांनी पहिल्यांदा न भरलेल्या जागांच्या जाहिराती काढून घेतल्या. पळवापळवी थांबली, मजुरीची वाढ मंदावली, आणि कोणाची नोकरी त्यासाठी जावी लागली नाही. बेरोजगारी आणि रिक्त पदं यांचा आलेख मांडला तर त्याचा एक भाग जवळजवळ उभा असतो. आपण त्या उभ्या भागावर होतो. २०२४ पर्यंत माणसामागे जागा सव्वाच्या आत आली, आणि मग मात्र बेरोजगारी चार टक्क्यांच्या वर सरकायला लागली. रिकाम्या पदांची गादी संपली की हाड लागतंच.

बाकी दोन गोष्टींनीही मदत केली. कोविडनंतर अडकलेला पुरवठा मोकळा झाला, ऊर्जेचे भाव उतरले. त्याचं श्रेय व्याजदराला देता येत नाही. आणि मिशिगन विद्यापीठाच्या पाहणीत लोकांची पाच-दहा वर्षांपुढची महागाईची अपेक्षा तीन टक्क्यांच्या आसपासच राहिली होती. १९८० मध्ये तोच आकडा नऊच्या वर होता. वोल्कर यांच्या काळात मोजलेली किंमत चाळीस वर्षांनी अशी उपयोगी पडली, असं म्हणायला हरकत नाही.

यावरून ‘बेरोजगारी न वाढवता महागाई उतरवता येते’ असा नियम काढू नका. गादी जाड होती म्हणून ते झालं.

पुरवठ्याच्या धक्क्यावर दर वाढवावेत का, हा या विषयातला खरा वादाचा मुद्दा. व्याजदराने तेलाची विहीर खोदली जात नाही आणि पाऊसही पडत नाही. धक्का एकदाचा असेल तर वर्षाने तो आकडेवारीतून आपोआप निघून जातो, मग कशाला लोकांना कामावरून घालवायचं? युरोपियन सेंट्रल बँकेने २०११ मध्ये, तेल महागलं म्हणून, एप्रिल आणि जुलैत दोनदा दर वाढवले. युरोपचं कर्जसंकट तोंडावर असताना. नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये दोन्ही वाढी मागे घ्याव्या लागल्या. माझ्या मते ती उघड चूक होती. पण धक्का लांबला आणि भाड्यात, मजुरीत, सेवांच्या दरांत उतरायला लागला, तर वाट पाहणंही महाग पडतं. २०२१ मध्ये अनेक मध्यवर्ती बँकांनी ‘तात्पुरती महागाई’ म्हणत जवळपास वर्ष घालवलं आणि मग वरातीमागून घोडं आणलं. नेमकं कधी थांबायचं याचं सूत्र कोणाकडे नाही. मी मजुरी आणि सेवांचे भाव पाहतो. ते शांत असतील तर तेलाच्या बातमीवर फारसा विश्वास ठेवत नाही.

कोणी हमखास विचारतं: जिथे व्याजदर जास्त तिथेच महागाईही जास्त दिसते, मग व्याजानेच महागाई होत नसेल कशावरून? आगीचे बंब दिसतात तिथेच आग असते, तसलंच हे. सावकार महागाई धरूनच व्याज मागतो, म्हणून दोन्ही एकत्र चढतात. या प्रश्नात थोडं तथ्यही आहे: खेळत्या भांडवलावरचं व्याज उद्योगाचा खर्च वाढवतं, आणि ब्रिटनच्या जुन्या किरकोळ किंमत निर्देशांकात घरकर्जाचं व्याजही मोजलं जातं, त्यामुळे दरवाढीनंतर तो निर्देशांक काही काळ उलटा वरच जातो. पण तो परिणाम छोटा. तुर्कस्तानने ‘व्याज कमी केलं की महागाई उतरेल’ हा प्रयोग खऱ्या माणसांवर करून पाहिला. सप्टेंबर २०२१ मध्ये १९ टक्के असलेला दर डिसेंबरपर्यंत १४ वर आणला. चलन कोसळलं, आयात महागली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारी आकडेवारीनेच महागाई ८५ टक्क्यांच्या वर दाखवली. शेवटी मार्च २०२४ पर्यंत दर ५० टक्क्यांवर न्यावा लागला.

बेरोजगारीच्या आकड्याबद्दल एक इशारा, कारण वर मी तो फार विश्वासाने वापरला. बेरोजगार म्हणजे काम नसलेला आणि काम शोधणारा. शोधणं सोडून दिलेला माणूस मोजणीतूनच बाहेर पडतो, म्हणून वाईट काळात हा दर कधीकधी घटतोही. जिथे बहुतेकांचं पोट हातावर आहे आणि बेकारभत्ता नाही, तिथे मंदी बेरोजगारीत दिसतच नाही. कामाचे दिवस आणि रोजची मिळकत घटते, माणूस मात्र ‘रोजगारित’ राहतो. अशा देशांसाठी महागाई आणि बेरोजगारी यांचा आलेख काढणं मला वेळेचा अपव्यय वाटतो. शिवाय ज्या खाली बेरोजगारी गेली की महागाई भडकते ती ‘नैसर्गिक’ पातळी मोजता येत नाही, फक्त मागाहून अंदाजता येते. २०१९ च्या अखेरीस अमेरिकेत बेरोजगारी ३.५ टक्के होती, पन्नास वर्षांतली नीचांकी, आणि महागाई दोनच्या आसपास रेंगाळत होती. जपानमध्ये त्याच काळात बेरोजगारी अडीच टक्क्यांच्या आत असूनही महागाई एक टक्का गाठायला दमत होती, कारण तिथे भाव वाढतात हेच लोक विसरून गेले होते. अपेक्षा खालच्या बाजूलाही अशा गोठतात.

राहिला प्रश्नातला शेवटचा भाग: दर उलटे कमी केले की गेलेले रोजगार तितक्याच वेगाने परत येतात का? नाही. नोकरीवरून काढायला एक पत्र लागतं. परत घ्यायला मालकाला पुढची दोन वर्षं बरी दिसावी लागतात. दरम्यान माणसाचं कौशल्य गंजतं, ओळखी तुटतात, आणि काही जण कायमचेच बाजाराबाहेर जातात. १९८० च्या दशकात युरोपची बेरोजगारी वर जाऊन तिथेच का चिकटली, याचं अर्थशास्त्रज्ञ ब्लँशार्ड आणि समर्स यांनी १९८६ मध्ये दिलेलं स्पष्टीकरण याच धर्तीचं होतं. अमेरिकेत ऑक्टोबर २००९ मध्ये बेरोजगारी १० टक्क्यांवर गेली. ती पाच टक्क्यांपर्यंत यायला २०१५ ची अखेर उजाडली, आणि त्या सगळ्या वर्षांत धोरणदर शून्यालाच टेकलेला होता.